वजीर सांभाळ

बुधवार, संध्याकाळ

सासऱ्यांना आज पहिल्यांदा बुद्धिबळात हरवलं, आणि तेच खुपतंय.

हिंजवडीच्या बसमध्ये बसून मोबाईलवर शिकतेय. पटाचा मधला भाग धरायचा, घोडे-उंट लवकर बाहेर काढायचे. त्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण आमच्या घरची एक रीत आहे. समोरच्याच्या वजिरावर मारा केला की तोंडाने सांगायचं, "वजीर सांभाळ." आज मी गप्प राहिले आणि सरळ त्यांचा वजीर उचलला. मग डावही गेला त्यांचा.

"सांगितलं नाहीस?"

"अहो अण्णा, मोबाईलवर कुणी सांगत नाही."

"बरोबर. मोबाईलला घरचं वळण कोण लावणार?" एवढंच बोलून त्यांनी पट पुन्हा मांडला.

नियमात बसतं ना? बसतं. मग का टोचतंय?

दुसऱ्या डावात त्यांनी उंट सरकवला. माझं लक्षच नव्हतं, मी भलत्याच प्याद्याला हात घातला.

"सूनबाई, वजीर सांभाळ."

सांभाळला. शेवटपर्यंत पटावर होता माझा वजीर. तरी हरवलं त्यांनी मला.