वांग्याचे सोबती

२८ जुलै १९८५, परभणी
बाजारात थोरले भाऊ, दादा, भेटले. पेडगावहून बैल बघायला आले होते. वाटणी झाल्यापासून आमच्या घरी जेवलेले नाहीत. या म्हणालो. ते चारचौघांत हसून म्हणाले, तुझ्या परसात वांगं पिकू दे, औंदा चंपाषष्ठीचं भरीत तुझ्याकडंच खातो. चातुर्मास धरला की आमच्यात वांगं वर्ज्य. त्या दिवशी व्रत भरीत-रोडग्यानंच सोडायचं. ते माझ्या घरी सोडणार.
वांगी लावायचीच.

४ ऑगस्ट
रेडिओवर ऐकलं. पिकाला सोबत हवी. झेंडू लावला की कीड फिरकत नाही. वांग्याची, झेंडूची रोपं आणली. मध्ये कांदा, कोथिंबीर. कडेने मका. बायको, कमल, म्हणाली, एवढ्याशा जागेत वऱ्हाड उतरवलंत, वांग्यानं पाय कुठं पसरायचे? तिला शास्त्र माहीत नाही.

१ सप्टेंबर
झेंडू जोरात. वांगी त्याच्याआड. दिसत नाहीत, म्हणजे सुरक्षित.

१९ सप्टेंबर
वांग्याच्या शेंड्यांनी माना टाकल्या. कमल म्हणाली, आत अळी हाय, शेंडे खुडून जाळा. खुडणार नाही. झेंडूवर विश्वास टाकला आहे, मध्ये हात घालणं बरं नाही.

२० ऑक्टोबर
दसरा तोंडावर. झेंडू कमरेइतका. गल्लीतल्या बायका फुलं मागून गेल्या. एक दिलं नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाला सणाची सुट्टी नसते. कमलने बाजारातून झेंडू विकत आणला. म्हणाली, लोक लय हसायलेत.
हसू देत.

१७ नोव्हेंबर
कांदा सडला. कोथिंबीर सापडत नाही. मका शेजारच्या शेळीने खाल्ला. वांगं: एक. रोज बघतो. वाढतंय.

१५ डिसेंबर
कमल म्हणाली, एका वांग्यात कुणाकुणाला वाढू? बाजारातून पावशेर आणते, भाजल्यावर सगळी सारखीच. मी आवाज चढवला. दादांना खोटं खाऊ घालणार नाही. विकतचं वांगं घरात येता कामा नये. ती म्हणाली, बरं, मग तुमचं तत्त्वच भाजते.

१७ डिसेंबर, चंपाषष्ठी
दादा आले. खरंच आले. धुतलेलं धोतर, नवा पटका. पाटावर बसले. रोडगे तयार होते. वांगं विस्तवावर फुटलं. आत अळ्या, गर नाहीच. कमलने घाईने पिठलं टाकलं. दादा म्हणाले, आज पिठल्यावर सोडता येत न्हाई. नुसतं पाणी प्याले. उठले.
दारात कमलला म्हणाले, पोरी, बाजारातली आणली असती तर मी काय वळखणार होतो? इतक्या सालानं जेवायला आलतो.
स्टँडपर्यंत बरोबर गेलो. बसमध्ये चढताना त्यांनी मागे पाहिलं नाही.
माझा प्रामाणिकपणा त्यांना मनातून पटला असावा.