प्रसूतिकक्षाच्या भिंतीवरची काच

मंगळवार, १२ डिसेंबर १९६७. मोक्षदा एकादशी.

काल पहाटे धरणी हलली, तिची खूण आज उजेडात नीट पाहिली. प्रसूतिकक्षाच्या पश्चिमेच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत तडा. बोट आत जाते. कोयनेकडे गावेच्या गावे बसली म्हणतात. तारापुरात आमची एक भिंत. तक्रारीस जागा नाही.

परिचारिका नर्मदाबाई म्हणाल्या, खाटा अंगणात काढाव्या. समुद्रावरचा हा वारा, आणि ओल्या बाळंतिणी! मी नकार दिला. हे धर्मार्थ रुग्णालय उघडल्यापासून एक दिवसही बंद राहिलेले नाही. मी व्यवस्थापक असेतो राहणारही नाही. देवासमोर उदक सोडून तसा संकल्प केला.

रविवार, १७ डिसेंबर.

गवंडी मिळत नव्हता. सारे अणुवीज केंद्राच्या बांधकामावर. सिमेंटचे परमिट केव्हा हाती येईल ते ईश्वर जाणे. आज सुट्टी म्हणून मारुती नावाचा एक घाटावरचा गवंडी आला. बाहेरून टेकू दिले. मग रक्त तपासण्याच्या आमच्याच डब्यातली एक काचपट्टी मागून घेतली, ती तड्यावर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना प्लास्टर थापले.

"काच शाबूत, तवर भीत शाबूत," म्हणाला. "तडकली की बाया भाईर काढायच्या. इचारत बसायचं न्हाई."

कर्मचाऱ्यांना बोलावून सांगितले — काच तडकली तर कक्ष बंद, आणि सगळे घरी. ज्याला भय वाटते त्याने आजच जावे. कोणी गेले नाही.

मंगळवार, १९ डिसेंबर.

कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची कौले उतरवावी लागली. सर्वांना माझ्या घराची पडवी दिली. नवसीला — शेजारच्या दांडी गावची आमची आया — गोठ्याकडचा ओटा. पडवीला लागून देवघर आहे, आणि बाळंतपणातल्या सुवेराचा विटाळ तिच्या हातांना नित्याचा. नर्मदाबाईंनी विचारले, मग माझे हात कोणते?

नवसीने वाद घातला नाही. चटई झटकताना म्हणाली, "ओटाच बरा. भीतच नाय, तं पडंल काय?"

पडवी हसली. मी हसलो नाही.

शुक्रवार, २२ डिसेंबर.

काच शाबूत. ईश्वरी कृपा!

रविवार, २४ डिसेंबर.

नवसीची लेक भागी दाखल झाली. दिवस भरत आलेले. आमचे रुग्णालय उघडण्यापूर्वीची गोष्ट — पहिल्या खेपेस तिला बैलगाडीने पालघरास नेताना मूल वाटेतच गेले होते. रिकामी खाट तड्यालगतचीच होती. नवसी हात जोडून म्हणाली, कोनातली द्या. कोनात दुसरी बाई होती. अदलाबदल करता आली असती. परंतु एकीला हलवले की सगळ्यांना भय शिवते. मी सर्वांदेखत भिंतीकडे बोट केले — काच शाबूत आहे, मग भय कसले?

नवसीने त्याच खाटेवर चादर अंथरली.

बुधवार, २७ डिसेंबर.

काचपट्ट्यांचा डबा अर्धा रिकामा! नर्मदाबाईंनी दाखवला. नवसीच्या नखांत प्लास्टर दिसले. बोलावून विचारले, कोणाला विकल्यास?

"इकल्या नाय, बाबा. भितीवर लावल्या. तडकली का नवी."

किती वेळा, हे तिला आठवत नव्हते. का, या प्रश्नावर मात्र थांबली नाही. "बंद झालं तं भागीनं कंय जावं? परत गाडीत?" मग पदर पसरला. "मला काय ते करा. तिला तेवडी कोनात हलवा."

सत्य हा धर्माचा स्तंभ आहे. असत्यावर आरोग्यमंदिर उभे राहू शकत नाही. तिला तत्क्षणी कामावरून दूर केले. लेकीस भेटण्यासही फाटकाच्या आत यायचे नाही, अशी ताकीद दिली. भागीची खाट हलवली असती तर सारा कक्ष कारण विचारता. हलवली नाही.

रात्रीच्या पाळीस जाताना नर्मदाबाई म्हणाल्या, "आबासाहेब, आता बायकांना बाहेर काढायचं ना?" शनिवारी ठाण्याहून अभियंता पाहणीस येत आहेत. ते ठरवतील, म्हटले. त्या पाहत राहिल्या. फार पाहतात.

शुक्रवार, २९ डिसेंबर.

नवसी फाटकाबाहेर बसून असते. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारते — भागी मोकळी झाली का?

काच शाबूत. तिनेच लावलेली शेवटची.

शनिवार, ३० डिसेंबर. अमावास्या.

पहाटे स्नानसंध्या आटोपून कक्षात गेलो. काच मधोमध दुभंगलेली. अभियंता सकाळच्या गाडीने येणार. भागीला कळा लागलेल्या. नर्मदाबाई पाणी तापवायला गेलेल्या. डब्यातून नवी पट्टी काढली. प्लास्टर स्वतः कालवले.

दोन्ही टोके थापून हात काढला तशी पट्टी घसरली. भागी उशीवरून पाहत होती.

"आय बोटानं दाबून धरायची," म्हणाली. "वाळंतवर."

धरून उभा राहिलो.