तू वहिनीपुढे उघडलेलं तोंड

आई, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. आज लिहायला बसले, कारण सकाळी वहिनी माझ्या दवाखान्यात येऊन गेली. तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. मी तिला खुर्चीवर झोपवलं, दिवा ओढला, आणि मी सांगायच्या आत तिनं तोंड उघडलं. तू माझ्यापुढे कधी उघडलं नाहीस.

कळमनुरीत मी दातांचा दवाखाना टाकला तेव्हाचे दिवस. आपल्या गावी, डोंगरकड्याला, घरी येते, तर तू चुलीपुढे भाकर दुधात कुस्करून खातेयस, दात हलतायत. मी तुझी मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकली. "तंबाखूनं हिरड्या सडतात, दाताखालचं हाड झिजतं. शिकलेय मी हे." तू म्हणालीस, "उष्णता हाय, दुसरं काही न्हाई," आणि पदर तोंडावर घेतलास. पुढच्या खेपेला आले, तर ओसरीवर तू वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून तोंड आ करून पडलेली. ती बोटाला कापूस गुंडाळून मिठाच्या पाण्यानं तुझ्या हिरड्या पुसत होती. मी दारातच थांबले. पाच वर्षं शिकलेली मी, आणि ती दहावी नापास. वर तिनंच मला विचारलं, "ताई, आई रात्री चार-चारदा उठतेत, पाणी लई पितेत. पायाची जखम बी भरून न्हाई राहिली. तोंडाशी त्याचा काही संबंध असंल का?"

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. साखर भलतीच वाढलेली निघाली. मिश्रीचं मी खोटं सांगितलं नव्हतं, पण साखरेनं हिरड्या पोखरल्या होत्या आणि सडक्या हिरड्या साखर उतरू देत नव्हत्या. पुस्तकात हे वाचलं होतं मी. तुझ्याकडे बघून आठवलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, हिरड्या साफ केल्या दुसऱ्या डॉक्टरनं, बरेचसे दात टिकले. तू गल्लीभर सांगत फिरलीस, "माह्या सुनंनं ओळखलं." त्यानंतर दोन सणांना मी घरी आले नाही. कामं होती असं सांगितलं.

आज हात धुता धुता वहिनीला विचारलंच, "आई माझ्यापुढं तोंड काहून उघडत नव्हती?"

"तुमाला वास यील म्हणून. म्हणायच्या, लेक डॉक्टर झाली माही, तिच्यासमोर लाज वाटती."

हेसुद्धा तू तिलाच सांगितलंस.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, कपाटात ठेवीन. एक मात्र कबूल करते. वहिनीचं काम आज एका बैठकीत उरकलं असतं. मी तिला अजून तीनदा बोलावलंय. तू काय काय बोलायचीस, ते विचारायचं राहिलंय.