पत्राखालची फुली

मोंव्हेर, १२ नोव्हेंबर १८५७

प्रिय ऑनोरीन,

त्रेचाळीस वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो तर तुझा नातू माझ्या अंगणात लाकडं फोडत पत्र संपायची वाट बघतोय. द्राक्षतोडणी उरकून महिना झाला तरी लेओन्स त्रुआला तुझ्याकडे परतला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आज सकाळी टोपी हातात धरून म्हणाला, "आन्सेल्म आजोबा, आजीची सही हवी. आईबाप नाहीत, वीस वर्षं पुरी नाहीत, म्हणून तिच्या सहीशिवाय पलटणीत घेत नाहीत. माझं ती ऐकेना. तुम्ही लिहा. सम्राटाच्या शिपायाचा शब्द ती मोडायची नाही." आफ्रिकेत जायचंय त्याला, लाल विजार घालून. सोमवारी भरती आहे. मी हो म्हणालो. दोन ओळींचं काम आहे असं त्याला वाटतंय, म्हणून हौसेनं फोडतोय लाकडं.

तुझ्याबद्दल त्यानं बरंच सांगितलं. मोजे विणायच्या मागावर आता बसत नाहीस, सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलावतेस, पण जिभेची धार तशीच आहे म्हणे. ऐकून बरं वाटलं. इकडची बातमी म्हणजे मला पदक मिळालं. आताच्या सम्राटानं आपल्या काकांच्या, म्हणजे आमच्या जुन्या सम्राटाच्या, जिवंत उरलेल्या शिपायांसाठी काढलेलं, हिरव्या फितीचं. रविवारी प्रार्थना संपल्यावर मेयरनं चर्चच्या पायरीवर टाचलं. "पोट जरा आत घ्या, आन्सेल्म," म्हणाला, आणि सगळं गाव हसलं. गावात आम्ही दोघंच उरलोय, मी आणि बहिरा ढोलवाला गिबू. गिबू लहान मुलासारखा रडला. मला रडू आलं नाही. घरी येऊन पदक बियाण्याच्या खणात टाकलं.

माझ्या कानाची गोष्ट तुझ्यापर्यंत पोचली असेलच. सम्राटानं पाहणीच्या वेळी माझा डावा कान चिमटीत धरला आणि म्हणाला, शाबास. गावातल्या तीन पिढ्यांनी हा कान हात लावून पाहिलाय. नवऱ्या मुली लग्नाच्या दिवशी शकुन म्हणून ओढतात. ऑनोरीन, त्या पाहणीत माझा कान कुणीही धरला नाही. सम्राटाला मी एकदाच पाहिलं, लांबून, नखाएवढं. राखी कोट होता, एवढंच खात्रीनं सांगता येईल.

दर तोडणीला दुपारच्या जेवणात मला तीच, अठराशे पाच सालची लढाई मांडायला लावतात. पाव म्हणजे टेकडी, अक्रोड म्हणजे रशियन, सांडलेली वाईन म्हणजे तळी. मी सांगतो, बघा, टेकडी हातात होती, ती सम्राटानं आपण होऊन सोडली. उजवी बाजू मुद्दाम लंगडी ठेवली. शत्रूला वाटलं, हे भ्याले. लंगड्या बाजूचा घास घ्यायला तो टेकडीवरून खाली उतरला, आणि आमची माणसं धुक्यातून वर चढली. असं म्हणून मी पाव मधोमध मोडतो. माणसं टेबलावर मुठी आपटतात. लेओन्स पाच वर्षं त्या टेबलाशी बसतोय, आणि दर वर्षी त्याचा घास हातातच राहतो.

त्यातलं सम्राटाबद्दलचं एक अक्षरही खोटं नाही. बुलोनच्या किनाऱ्यावरून दोन लाख माणसं त्यानं ऱ्हाइनपलीकडे अशी नेली की शत्रूला जाग आली तेव्हा आम्ही त्याच्या पिछाडीला उभे होतो. तसं डोकं पुन्हा होणार नाही. मी अजून त्याला मानतो, सुटतच नाही ते. खोटं आहे ते माझं. मी म्हणतो, मी टेकडी चढलो. नाही चढलो. मी त्या लंगड्या बाजूला होतो, खाली ओढ्याकाठच्या गावात. उंदरासाठी लावलेला चीजचा तुकडा आम्ही होतो. शत्रू आमच्यावर पुरता तुटून पडावा, तोवर आम्ही टिकावं, एवढंच आमचं काम. आणि माझ्या शेजारी तुझा भाऊ होता.

आता त्याचं, सिप्रियाँचं सांगतो. इतकी वर्षं हेच टाळत आलोय. सक्तीच्या भरतीच्या सोडतीदिवशी माझा हात पेटीत गेला आणि नऊ नंबर निघाला, इतका लहान आकडा म्हणजे जाणं आलंच. सिप्रियाँची तर सोडतीची पाळीही आली नव्हती. सतरा वर्षांचा होता, अठराला चार महिने कमी. तुम्ही सगळे समजलात की त्याला सम्राटाचं वेड लागलं. ते वेड मी लावलं. एकटं जायची मला भीती वाटत होती, ऑनोरीन, दुसरं काही कारण नाही. जत्रेच्या दिवशी मी त्याला दुपारभर पाजली, घोडे, झेंडे, सोनेरी गुंड्या यांच्या गोष्टी सांगितल्या, आणि भरतीच्या टेबलापाशी कोपरानं ढोसून म्हणालो, "अठरा सांग." त्यानं अठरा सांगितलं.

बुलोनच्या छावणीत तीन आठवड्यांत त्याचं वेड उतरलं. वय खोटं सांगितलंय, आईनं दाखवून दिलं तर सोडतील, असं त्याला एका हवालदारानं सांगितलं. त्याला लिहिता येत नव्हतं, मला येत होतं. माझ्याशेजारी गवतावर बसून त्यानं सांगितलं, "लिही. आई, पाद्रीबाबांकडून माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला घे आणि साहेबांकडे जा. मला घरी यायचंय." मी मान डोलावत लिहीत होतो. लिहिलं ते असं: आई, मी सुखात आहे. सम्राटासाठी लढायला मी आपखुशीनं आलोय. मला परत न्यायची खटपट करू नकोस, माझी मान खाली जाईल. त्यानं खाली फुली मारली. फार जपून मारली, जीभ बाहेर काढून.

ओढ्याकाठी त्या सकाळी, काडतूस दातानं तोडता तोडता तो मला म्हणाला, "आईला पत्र पोचलं नसेल का रे?" मी म्हणालो, "टपाल हरवतं." थोड्या वेळानं तो पडला. आई आली नाही, हेच मनात घेऊन गेला. दुपारी टेकडीवर जयघोष झाला, तेव्हा मी ओढ्याच्या पाण्यात त्याचं तोंड धूत होतो.

चौदा साली परत आलो, तेव्हा तू चुलीपाशी उभी राहून ते पत्र मला तोंडपाठ म्हणून दाखवलंस. तुझ्या आईनं ते प्रार्थनेच्या पुस्तकात जपलं होतं, आणि मरेपर्यंत पोरावर रागावून राहिली, असं सांगितलंस. माझीच वाक्यं मी तुझ्या तोंडून ऐकली. त्यानंतर तुझ्याशी लग्न कसं करणार होतो? तू विचारलंस, "माझ्यात काय कमी आहे?" मी पाय अधू झाल्याचं कारण सांगितलं. पाय धडधाकट होता. अजून आहे.

हे लेओन्सला इथंच अंगणात सांगता आलं असतं. पण कानाची गोष्ट खोटी म्हटली तर तो हसेल, "आजोबा, उगाच कमीपणा घेताय," आणि मग मी तरी पुढचं बोलेन याची मला खात्री नाही. पत्र मी बंद करून देणार आहे. ते तू वाचणार नाहीस, कारण तुला आता वाचता येत नाही. तुझी पत्रं लेओन्सच वाचतो, हे त्यानंच मला अभिमानानं सांगितलं. म्हणजे आत्ता हे तोच मोठ्यानं वाचतोय. लेओन्स, थांबला असशील तर पुढे वाच. सिप्रियाँला वाचता येत नव्हतं, म्हणून मी काय लिहिलं ते न कळता त्यानं फुली मारली. तुला येतं. आता आजीपुढे सहीचा कागद ठेवायचा असेल, तर तिच्याकडे बघून ठेव. आणि ऑनोरीन, तुझ्या भावानं तुला, आईला टाकलं नव्हतं. त्याला घरी यायचं होतं.

तुझाच होता होता राहिलेला,
आन्सेल्म