ताणाचा कार्यक्रम

मुक्काम झाडांची बाग, मागलं फाटक,
शिरवळच्या अलीकडं.
फेब्रुवारी संपत आलाय.

तीर्थस्वरूप यल्लाप्पा मामा यांना भाचा कपिलचा सविनय जयभीम. मामीला बी जयभीम. तुमचा गुडघा कसा हाय? डावा का उजवा ते आता ध्यानात न्हाई, तवा दोन्हीला इचारलंय म्हणून सांगा. मामीचं बीपी, शेळी, शेळीचं करडू, समदी खुशाल असतील असं धरून पुढं लिवतो.

पत्रास कारण, तुमी फोन उचलत न्हाई. चुकून उचललाच तर माझा आवाज ऐकून कट करतासा. पत्राला तसलं बटण नसतंय, एकदा फोडलं की वाचायलाच लागतंय, म्हणून ही वाट काढली. (चुलीत घालता येतंय हे मला ठावं हाय, पर मामी आता गॅसवर सैपाक करती.) माधवनगरच्या कापडाच्या मागावरनं मी तिसऱ्याच आठवड्यात का उठून आलो ते मी तवाच सांगणार व्हतो, तुमी हातातली काठी खाली ठिवली असती तर. ते जाऊ द्या. तुमी म्हणला व्हता, एका जाग्यावर सबंद वरीस टिकून दाखव, मग मला मामा म्हण. तर मामा, येत्या जयंतीला माझं हितं वरीस भरतंय. वर "मामा" लिवलंय ती उचल घेतली असं समजा.

काम म्हणाल तर झाडांची बाग, पर आपल्यासारखी न्हवं. हितं फळ तोडायचं नसतंय, फांदी तोडायची नसती, झाडं नुसती बघायची असतात. परत्येक झाडाच्या गळ्यात पाटी, आणि पाटीवर असलं नाव की ते झाडाला बी म्हाईत नसंल. आपली बांधावरची बोर हाय न्हवं, तिचं हितलं नाव वाचाय गेलो तर जिभेला काटा लागला. सुट्टीच्या दिवशी पुण्याची आणि साताऱ्याची लोकं गाड्या भरून येत्यात आणि चिखलात हात घालायला रांग लावत्यात. ज्या कामाला तुमी आमाला शिव्या घालून उठवत व्हता, ते काम ही माणसं आधी नाव नोंदवून करत्यात आणि झालं की टाळ्या वाजवत्यात. मी पयल्या दिवशी टाळ्या ऐकून मागं वळून बघितलं, म्हणलं कोण पुढारी आला काय.

वर्षाला सहा ऋतू असतात हे मला हितं कळलं. आपल्याकडं दोनच, टँकर चालू आणि टँकर बंद. हितं परत्येक ऋतूला एक कार्यक्रम असतोय. पावसाळ्यात माती-शेणात बिया घालून लाडू वळायचं आणि उघड्या डोंगरावर फेकायचं. (मला कुणी सांगितलं न्हवतं. ताटात मांडून ठिवलं व्हतं, मी नाचणीचा समजून एक खाल्ला. पुढं आठवडाभर अक्षता मला पाणी पिताना बघितलं की म्हणायची, जपून, उगवंल.) शरदात फुलपाखरं मोजायची, हेमंतात पक्षी. समद्या कार्यक्रमांच्या मोठ्या मॅडम म्हंजे संयोगिता मॅडम. बाई लय हुशार, लय मायाळू, फकस्त बोलत्यात पुस्तकातलं. आणि ही वर जी अक्षता आली ती आलेल्या लोकांना झाडांची माहिती सांगती, पाट्या बी तीच रंगवती. हितलीच, शिरवळची. तिचा ह्या पत्रात पुढं काय संबंध न्हाई, नाव आलं म्हणून सांगून ठिवलं.

आता खरी गंमत ऐका. नोव्हेंबरात मॅडम दोन-तीन म्हैन्यांच्या ट्रेनिंगला लांब कुठंतरी गेल्या आणि तिथनं त्येंचा फोन आला. म्हणल्या, "कपिल, जानेवारीत ताणाचा कार्यक्रम आहे. डाळिंबाच्या चौकातच घ्यायचाय. तयारी आत्तापासून सुरू कर." मामा, माझ्या अंगावर काटा आला. इतकं म्हैनं ह्या बागेत मी फकस्त पाईप वडत व्हतो, आणि आज पयल्यांदा मला येत असलेलं काम निघालं. डाळिंबाचा ताण म्हंजे काय हे यल्लाप्पाच्या भाच्याला सांगाय लागतंय व्हय? बहर धरायचा तर आधी पाणी तोडायचं, झाडाला तहानंनं येडं करायचं, पानं पिवळी पडून गळाली की मग पाणी सोडायचं, म्हंजे झाड भ्याल्यागत फुलावर येतंय. हे तुमी मला शिकवलंय, आणि शिकवताना किती टोलं दिल्यात ते बी मी इसरलो न्हाई. मी मॅडमना म्हणलं, काळजी करू नका, असला ताण देतो की लोकं बघतच राहतील. मॅडम म्हणल्या, "रेंज नाही वाटतं."

त्याच सांजंला चौकाचा, म्हंजे बागेतल्या त्या चौकोनी तुकड्याचा, पाण्याचा व्हॉल्व बंद केला. नुसती डाळिंबं न्हाईत, मधी लिंबं व्हती, कडंला पेरू व्हतं, म्हणलं कार्यक्रम मोठा हाय, एकाला ताण आणि दुसऱ्याला न्हाई असं बरं दिसत न्हाई. बुडाची माती उकरली, मुळ्यास्नी ऊन दावलं. दुसरा माळी आकाराम एकदा म्हणाला, "गड्या, ह्येंच्या तोंडचं पाणी का तोडलंस?" मी म्हणलं मॅडमचा हुकूम हाय. मॅडमचा हुकूम म्हणल्यावर तो बिडी काढून बसला. अक्षता एक दिवस पाटी घिऊन आली आणि पिवळी पानं बघून थांबली. (संबंध न्हाई, पर हे सांगितल्याबिगर पुढचं कळणार न्हाई.)

"ह्यांना काय झालं रे?"

"ताण दिलाय."

"कुणी?"

"मी."

"तुझ्यासंगं राहून आणखी काय होणार," म्हणाली आणि पाटी लावून गेली. पाटीवर काय लिवलंय ते मी बघितलं न्हाई. बघितलं असतं तर हे पत्र वाचायची पाळी तुमच्यावर आली नसती.

कार्यक्रमाच्या दिवशी झाडं अशी झाली व्हती मामा, की तुमी असता तर माझ्या पाठीवर थाप मारली असती. एक पान न्हाई. नुसत्या काड्या. खालचं समदं झाडून, सतरंज्या टाकून, नवा टी-शर्ट घालून मी फाटकात हुबा. तर बस आली, आणि त्यातनं शेतकरी उतरायचं ते उतरली शिरवळच्याच एका कंपनीची माणसं, समद्यांच्या अंगात एकाच रंगाचं कपडं, डोळ्याखाली काळं. संगं पांढऱ्या झब्ब्यातलं ऋषिराज सर. मला वाटलं कृषी खात्यातलं असतील. त्येंनी समद्यांना त्या काड्यांखाली बसवलं, डोळं मिटाय लावलं आणि गोड आवाजात म्हणलं, "वरची गर्द हिरवी पानं अनुभवा. सावलीचा गारवा मस्तकावर उतरू द्या." मस्तकावर रखरखीत ऊन पडलं व्हतं. एकेक जण एक डोळा उघडून वर बघाय लागला. तवा मी वळून अक्षताची पाटी वाचली. "हिरवाईच्या सावलीत ताणमुक्ती."

कामाचा लोड झाला, साहेब ओरडला, झोप लागंना झाली, की माणसाला जे होतंय त्येला बी ही लोकं ताणच म्हणत्यात. आपल्याकडं त्येला काय म्हणत्यात मला आठवंना. आपल्याकडं त्येला दिवस म्हणत्यात बहुतेक.

पुढच्या रांगतला एक जाडजूड माणूस डोक्यावरचं ऊन पुसत म्हणाला, "काय रं, ही झाडं मेली काय?" आता मामा, दुसरं काय बी ऐकून घेतलं असतं, पर माझा ताण बिघडला असं कोण म्हणलं तर मला सोसत न्हाई. मी म्हणलं, "काका, पानं गेली म्हणून झाड मरतंय व्हय? तुमच्या डोक्यावरचं बी गेलंय, तुमी हायसाच की." समदी बस हसली. ऋषिराज सर हसलं, आकाराम हसला, काही माणसं तर सतरंजीवर आडवी झाली. त्येंचा ताण गेला म्हणून वहीत लिवून बी गेली. हसला न्हाई तो एकच, लालासाहेब, ज्येंचं डोकं व्हतं ते. आणि दुसरी अक्षता. ती माझ्या कानाशी यिऊन म्हणाली, "ते माझे बाबा आहेत." मी म्हणलं, मग आधी सांगायचं. म्हणाली, "तू कुणाकुणाला टकला म्हणणार आहेस त्याची मी काय वाट बघत बसू?"

मॅडम परत आल्या त्या थेट चौकात. समद्या काड्या फिरून बघितल्या. मग म्हणल्या, "कपिल, ताण घालवायचा होता." मी म्हणलं, मॅडम, घालवायला आधी द्यावा तर लागंलच की. त्येंनी डोळं मिटलं. शेवटी एवढंच म्हणल्या, पाणी सोड, झाडं जगली तर तू राहशील, नाहीतर सामान बांध. ते दिवस मामा कसं काढलं ते माझं मला ठावं. रोज सकाळी उठलो की आधी काड्यास्नी बघायचो, मग तोंड धुवायचो. पयल्यांदा आयुष्यात एक जागा सोडून जायची मला भीती वाटली. माधवनगरला, त्येच्या आधी मिरजेला, बेदाण्याच्या शेडवर, कुठंच असं झालं न्हवतं. तिथनं पाय आपोआप निघायचं. हितं पायास्नी सांगावं लागायचं की गपा, अजून काय बी ठरलं न्हाई.

आणि मग एका सकाळी लालबुंद कळी. दुसऱ्या दिवशी पाच-सात. आता सबंद चौक पेटल्यागत दिसतोय, लोकं फोटो काढाय येत्यात. खरं सांगायचं तर ही फुलाचीच डाळिंबं निघाली, फळ धरतच न्हाईत, दरसाल ती तशीबी फुलत्यात म्हणं, ताण द्या न्हाईतर पाळण्यात घाला. पेरू अजून माझ्यावर रुसल्यात. आणि एक लिंबू कायमचं ताणमुक्त झालं. मॅडमनी व्हॉल्वची चावी काढून घेतली, पर मला ठिवलं. "तू झाडांपेक्षा माणसांना बरा आहेस," म्हणल्या. आता बस आली की लोकास्नी आत आणायचं आणि हसवायचं काम माझ्याकडं.

तर असं हाय. जयंतीला वरीस भरतंय. मामीला सांगा, प्वार टिकलं. तुमाला सांगाय तिला जमंल तसं सांगू दे.

तुमचा (अजून परवानगी न्हाई तरी)
भाचा कपिल

ता. क. मामीच्या हातची शेंगदाण्याची चटणी कोण हिकडं येत असंल तर द्या.

ता. क. दुसरा. कोण कशाला, तुमीच या. गोष्ट अशी की लालासाहेब परवा फाटकात थांबलं. टोपी घालून आलं व्हतं. आधी हिकडचं तिकडचं झाडाबिडाचं बोललं, आणि जाताना म्हणलं, "तुझ्या घरातलं कोण जाणतं माणूस असंल तर घिऊन ये घरला. एकदा बघून जाऊ दे." आता मुलीच्या बापानं आपणहून "बघून जाऊ दे" म्हणल्यावर त्येचा अर्थ काय ते तुमाला मी सांगाय पायजे व्हय? अक्षताकडनं बी हरकत दिसत न्हाई. वर संबंध न्हाई असं लिवलंय ते खोडायला लागलो तर कागद घाण हुईल, तुमीच मनात खोडा.

ता. क. तिसरा. आधी कुठं काम करत व्हतास असं त्येंनी इचारलं. मी म्हणलं माधवनगरला, तिथं अजून माझी आठवण काढत्यात. ते खोटं न्हाई. कशी काढत्यात तेवढं तुमी बोलू नका.

मामा, जयभीम. मी अक्षता. कपिलने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, आणि उघडं पाकीट न वाचता चिकटवण्याइतकी मी चांगली नाही. तो टिकलाय हे खरं आहे. बाबांनी जाणत्या माणसाला बोलावलंय हेही खरं आहे, पण ते आमच्या दारचा आंबा बघायला. मोहोर येतो आणि गळून जातो, आणि त्याला कपिलचा हात लागू द्यायची बाबांची तयारी नाही. दुसरं काही त्याने बाबांना विचारलेलंच नाही. मलाही नाही. तरी तुम्ही जयंतीला नक्की या. आल्यावर आधी त्याला मला विचारायला लावा, आंबा काय, दारातच उभा आहे.