पाच नंबरचं म्हणणं

प्रिय पाच नंबर,

तुझ्या पायाचं माप अजून तेच असेल असं धरून चाललोय. आपल्याकडे बायकांच्या बुटांचा प्रत्येक नवा नमुना आजही पाच नंबरातच शिवला जातो, आणि तुझ्यानंतर त्या मापाचा एकही पाय या खात्यात आलेला नाही. नमुना घालून तीन मजले चढायचे, उतरायचे आणि कुठे चावतो ते सांगायचं, हे तुझं काम आता शिलाईवाल्या मावशी करतात. त्यांचा नंबर सहा. त्यांना सगळेच बूट चावतात. दुसऱ्या मजल्यावरूनच ओरडतात, अरे मेल्यांनो, माणसासाठी शिवलाय की बाहुलीसाठी?

आईच्या आजारपणासाठी तू भावाकडे गेलीस, त्याला चार वर्षं झाली. तुझं स्टूल मी माझ्या कटिंगच्या टेबलाखाली सरकवून ठेवलंय. नव्या मुलीने एकदा मागितलं, तर पाय मोडलाय म्हणून सांगितलं. मोडलेला नाही.

आता एक कबुली. साहेबांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुला माहीत आहे. तू असताना मी टेबलाखालून चिठ्ठी सरकवायचो आणि तू ती खणखणीत आवाजात बोलून टाकायचीस. तू गेल्यावरच्या पहिल्या मीटिंगमध्ये बुटाचं टोक निमुळतं करायचं ठरत होतं. बोटं चेंगरणार हे मला दिसत होतं. तोंडून निघून गेलं, पाच नंबर म्हणायची, करंगळीला जागा सोडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. पण तुझं नाव घेतलं की मला घाम फुटत नाही, हे त्या दिवशी कळलं. मग सवयच लागली. पट्टा रुंद करा, पाच नंबर म्हणायची. नमुन्याच्या कार्डावर शेऱ्याच्या रकान्यातही तेच. आधी भीतीपोटी, नंतर, खरं सांगू, दिवसातून एकदा तुझं नाव मोठ्याने घ्यायला मिळतं म्हणून. काही वेळा तर बुटात खोट नसतानाही मी काढली. चार वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि रोज तुझ्या तोंडून बोलत राहिलो.

तीन आठवड्यांपूर्वी नर्सच्या बुटांची मोठी ऑर्डर आली. तारीख गाठायची म्हणून नव्या साहेबांनी टाचेखालची गादी काढून टाकायला सांगितलं. मी नेहमीसारखा म्हणालो, पाच नंबर म्हणायची, दिवसभर उभ्या असणाऱ्या बाईच्या टाचेखालून काही काढू नये. नर्सचे बूट म्हटल्यावर तर नकोच म्हणायची. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. बाई इथून जाऊन चार वर्षं झाली, नर्सचे बूट आपण करतोय पहिल्यांदाच, मग त्या हे म्हणाल्या कधी? मावशी फिसकन हसल्या. साहेब चिडले नाहीत. त्यांना वाटलं, मी तुला फोन करून विचारत असतो. म्हणाले, एवढा भरवसा आहे तर बाईंनाच महिनाभर बोलावून घेऊ, खर्च आपला. पत्ता द्या. तोवर बिनगादीचं कटिंग सुरू करा.

तू जाताना पुठ्ठ्यावर खडूने लिहून दिलेला पत्ता माझ्या डोक्यावरच खिळ्याला लटकतोय. नुसता काढून दिला असता तर पुढच्या आठवड्यात तू जिन्यावर असतीस, आणि मी कातर थांबवून तुझी पावलं ऐकली असती. हात वर गेलाही होता. पण तू येईपर्यंत निम्मे बूट कापून झाले असते. टेबल धरून बोललो. ती काही म्हणालेली नाही. मी म्हणतोय. गादी काढायची असेल तर मी कापणार नाही.

साहेबांनी चष्मा परत नाकावर घेतला. मग कार्ड पुढे सरकवलं. शेरा तुमचा, तर सही तुमची. दहा दिवस जास्त लागतील हे गिऱ्हाइकालाही तुम्हीच कळवा. कळवलं. हॉस्पिटलच्या मेट्रन म्हणाल्या, दहा दिवस दिले, पण बूट चावला तर तुमचं नाव लक्षात ठेवीन.

तेव्हा तुला बोलावणं येणार नाही. ते माझ्यामुळे हुकलं. आणि आता तुझं नाव घ्यायला निमित्तही उरलेलं नाही. तीन आठवडे झाले, खात्यात ते कानावर पडलेलं नाही. सोबत त्याच बुटांचा पहिला जोड पाठवतोय, गादीसकट. एखादा जिना चढून बघ. निघताना बसच्या दारात मी तुला म्हणालो होतो, जाऊ नकोस असं सगळे म्हणताहेत. तू हसून सगळ्यांना हात केलास. सगळे म्हणत नव्हते गं. सगळे, आईजवळ जा, असंच म्हणत होते. मी म्हणत होतो. तू काय म्हणतेस, ते आता तुझ्याकडूनच कळू दे.

तुझाच, आणि या वेळी स्वतःच्याच वतीने,
कटिंग मास्टर