गिटारीसाठी खड्डा

मुरुम, माघ वद्य पंचमी, शके १८६९

तीर्थरूप भीमाशंकर दाजींच्या पायाशी, धाकटा मेहुणा नागप्पा याचं शरणु शरणार्थी. अक्कालाही आमचा नमस्कार पोचवणे. इकडं आम्ही सगळे जागच्या जागी आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? (निर्गुडीचं तेल गुडघ्याला लावता की नुसतं बाटलीकडं बघता, ते अक्कानं वेगळं कळवावं. तुमच्या सांगण्यावर माझा भरवसा न्हाय.) दुपारची झोप लागते ना? का शेजारचे ते गोव्याचे ब्यांडमास्तर अजून नेमके त्याच वेळी शिंग फुंकतात? त्यांच्याशी तुमचं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो. टपालाचा हल्ली नेम न्हाय, तेव्हा हे पत्र माणसाहाती पाठवतो आहे.

तुमचं मागलं पत्र मिळालं. आमच्या शिवगंगेला तुमच्याकडं ठेवून घ्या असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंत की घर लहान, परक्याच्या पोरीची जबाबदारी मोठी, बघू. (परक्याची कशी हो दाजी? अक्काची भाची ती.) तुमचंही खरं आहे. पण इकडची, संस्थानातली हवा तुम्ही ऐकून असालच. बाजार दुपारीच उठतो, शाळा उघडली तर उघडली, आणि ज्याला त्याला आपली पोरंबाळं हद्दीपल्याड पोचवायची घाई झाली आहे. आमच्या आईचं, इरम्माचं आणि माझं एकमत झालं की पोरीला सोलापूरला पाठवायची. (आमच्या घरात तिघांचं एकमत व्हायची ही पहिलीच खेप.) मत पडलं न्हाय ते फक्त शिवगंगेचं. ती सोप्यातल्या खांबाला मिठी मारून बसली. दहा वर्षांची पोर, पण बैलजोडी लावली तरी हलली नसती. आई म्हणून इरम्मानं गूळ दाखवला, बाप म्हणून मी डोळे दाखवले. शेवटी म्हणाली, ‘गिटार घेऊन दिली तर जाईन.’ दिवाळीला तुमच्याकडं आली होती तेव्हा मास्तरांच्या बायकोनं खिडकीत बसून ते वाद्य वाजवलं, ते हिनं ऐकलं होतं. म्हणजे बोल लावायचाच तर तुमच्या शेजाराला लावा, मला न्हाय.

आता गिटार घ्यायची कशी? मी तुरीचा व्यापारी. मूठभर तूर हातात घेतली की कुठल्या शिवारातली ते सांगेन, पण हे वाद्य कशाशी खातात मला काय माहीत! पोराला चप्पल घ्यायची तर आपण पायाच्या मापाची काडी घेऊन बाजारात जातो. त्याच हिशोबानं मी शिवगंगेचा हात खांद्यापासून बोटापर्यंत मापला आणि तेवढं जोंधळ्याचं ताट कापून सोबत घेतलं. आमच्या गावच्या व्यंकटच्या सर्व्हिस मोटारीत जळकोटला एक बाई शेळी घेऊन चढली आणि शेळी माझ्या शेजारी उभी करून मोकळी झाली. मला जरा डुलकी लागली. जाग आली तेव्हा माझ्या पोरीचा हात कोपरापर्यंत शेळीच्या पोटात गेला होता. वर ती बाईच माझ्या अंगावर आली. ‘दुसऱ्याच्या जनावराला काय बी खायला घालता व्हय? फुगलं म्हंजी?’ मोटारीतल्या सगळ्यांनी तिची बाजू घेतली. मी मुकाट्यानं उरलेलं ताट धोतरात खोचून घेतलं.

सोलापुरात दुकानदारानं पहिलं वाद्य काढलं, त्याला मधोमध हे एवढं भोक! मी म्हणालो, शेठ, गिऱ्हाईक खेड्याचं दिसलं म्हणून उंदरानं खाल्लेला माल दाखवता? त्यानं दुसरं काढलं, त्यालाही भोक. तिसऱ्याला तर आणखी मोठं. मी उठलोच, म्हणालो, आधी एक मांजर पाळा, मग दुकान उघडा. मग त्यानं मला पाणी पाजून समजावलं की आवाज त्या भोकातूनच येतो. (त्यानं हे आधी सांगायला काय हरकत होती?) मडकं घेताना वाजवून घ्यावं, म्हणून मी प्रत्येक गिटारीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, कानाशी धरून हलवूनही पाहिलं, कीड असली तर खुळखुळते. ताटाशी माप जुळवून बघितलं तेव्हा सगळ्यात लहान होती तीच बरोबर बसली. शेळीनं खाल्लेलं धरून थोडी मोठी घ्यावी हे तेव्हा डोक्यात आलं न्हाय. दुकानदाराशी भांडून दमलो होतो.

परत येताना हद्दीवरच्या नाक्यावर झडती झाली. शिपायानं गिटारीवरचं फडकं उचललं नि विचारलं, ‘ये क्या है?’ आपली दखनी तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणालो, ‘साब, इसमें तारां हैं. घर में बच्ची तार बजाती.’ तार म्हटल्याबरोबर त्याचा चेहराच पालटला. ‘तार? किसकू तार करती?’ हल्लीच्या दिवसांत तारेचं यंत्र जवळ असलं की माणूस हेरच ठरतो, ते तुम्हाला सांगायला नको. मोटारीतली माणसं खाली उतरून माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली. व्यंकट तर मला ओळखतच न्हाय असं आभाळाकडं बघत होता, मेला. तेवढ्यात आतून म्हातारे मुन्शीजी आले, म्हणाले, ‘बजाके दिखाव.’ मी देवाचं नाव घेतलं आणि अंगठ्यानं तार ओढली. तुंईं! पुन्हा ओढली. तुंईं! मुन्शीजी पोट धरून हसले. ‘अरे, ये तो धुनकी है,’ म्हणाले, आणि पावतीवर कापूस पिंजायची धुनकी असंच लिहून मोकळे झाले. जाताना एवढंच म्हणाले, ‘बच्ची कू बोलो, खूब बजाव.’ भला माणूस. पण कागदोपत्री मी आता पिंजारी झालो. व्यंकटनं गावभर सांगितल्यामुळं दुसऱ्या दिवशी शेजारच्या गिरिजाबाई जुनी गादी पिंजायला घेऊन दारात हजर.

घरी वेगळीच कथा. मी निघालो तेव्हा आईनं इरम्माला विचारलं, कुठं गेला? इरम्मा कानडीत म्हणाली, ‘गिटार तराक होग्यार.’ आमच्या आईचे कान तुम्ही जाणता. तिला ऐकू आलं, ‘गिडा तराक होग्यार.’ आता कानडीत गिडा म्हणजे झाड आणि तराक म्हणजे आणायला. लेक सोलापूरहून झाड आणतोय म्हटल्यावर म्हातारीनं गडी लावून परसात कमरेइतका खड्डा खणवला, शेणखत घातलं, दोन घागरी पाणीही ओतून ठेवलं. मी गिटार घेऊन आत पाऊल टाकलं तर आई म्हणते, ‘अरे, हे तर वाळलंय! मुळं कुठं आहेत?’ फसून आलास म्हणून मला पाव घटका बोलली. त्या खड्ड्यात मी संध्याकाळी पडलोही, ते सविस्तर लिहीत न्हाय.

आणि दाजी, गिटार लहानच निघाली. शिवगंगेनं मांडीवर घेतली तर सुपात निजवलेल्या लेकरासारखी दिसायला लागली. मी म्हणालो, बदलून आणतो. तर तिनं ती पोटाशी धरली. म्हणाली, ‘नको अप्पा. मी आता मोठीच होणार न्हाय, म्हणजे ही पुरेल.’ मी उठून तुरीची पोती मोजत बसलो, मोजायची नव्हती तरी.

बाकी सगळं ठीक. तुमचा विचार सवडीनं ठरवा, आमची काही घाई न्हाय. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याला उतार पडो.

तुमचा,
नागप्पा

ता. क. घाई न्हाय हे आईला वाचून दाखवायला लिहिलं, जावयाला घाई केलेली तिला चालत न्हाय. हे पत्र तुमच्या हातात देऊन दारात उभी आहे ती शिवगंगा राहायलाच आली आहे. इरम्माचा भाऊ वीरप्पा तिला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडून लगेच उलट्या मोटारीनं परत फिरला असेल, म्हणजे तुम्हाला तिला माघारी धाडायला माणूस न्हाय. रागवा, पण आधी तिला आत घ्या. सकाळपासून पोर उपाशी असेल.

ता. क. दुसरा. मास्तरांशी तुम्हीच आधी बोला. शिंगाबद्दल काही काढू नका. पोरीला शिकवाल का, एवढंच विचारा. तिला मी सांगितलंय की पाडव्याला न्यायला येतो. मला येता येईल असं दिसत न्हाय. तुम्ही मात्र तिला हे सांगू नका.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ती वाजवते ते अजून गाणं झालेलं न्हाय. तुमची झोप मोडणार, मोडू द्या. तारा वाजताहेत तोवर पोर बरी आहे असं समजा. आवाज थांबला तर मात्र उठा दाजी. ती कुठंतरी कोपऱ्यात तोंड झाकून रडत बसली असेल. ती हुंदका देत न्हाय, त्यामुळं ऐकू यायचं न्हाय.